टोक्यो - हाकोने - क्योतो - हिरोशिमा - ओसाका: सामान, आईबाबा आणि शहरं बदलणं

सायली_ठाणे
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या मध्यात जपानला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी (वय ९) आणि माझे आईबाबा. व्हिसा, हॉटेलं, काय बघायचं यावरचे इथले जुने धागे वाचून झालेत पण माझी गाडी अडलीये ती एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यावर. कच्चा प्लॅन असा - टोक्यो ४ रात्री, हाकोने १, क्योतो ३, हिरोशिमा १, ओसाका २ आणि शेवटची एक रात्र परत टोक्यो, कारण रिटर्न विमान तिथून बघतोय (तिकीट अजून काढलेलं नाही).

नवरा म्हणतो सरळ सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास घे, डोक्याला ताप नको. दीर मागे जाऊन आलेत ते म्हणतात पास आता परवडत नाही, सुटी तिकिटं काढा. चार मोठ्या बॅगा होणार हे नक्की, बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई पूर्ण शाकाहारी. बुलेट ट्रेनमध्ये एवढं सामान चढवू देतात का? मधेमधे विमान किंवा बस बरी पडेल का? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

कोकणचा_राजू
बारा-तेरा दिवसांत सहा हॉटेलं? हे फिरणं आहे का बदलीची सरकारी नोकरी? दिवे घ्या हो ताई :)

अनघा_नाशिक
वाचतेय. आम्हालाही एप्रिलमध्ये जायचंय.

निशिकासाईकर
सायलीताई, मी टोक्योत राहतो आणि दर सीझनला भारतातून कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे हा हिशोब तोंडपाठ झालाय. तुमचे दीर बरोबर आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० केली. त्याआधी टोक्यो-क्योतो जाऊन-येऊन पास जवळपास वसूल व्हायचा, म्हणून जुने ब्लॉग सगळे पास घ्या पास घ्या म्हणतात. ते वाचून निर्णय घेऊ नका.

आता तुमचाच प्लॅन धरा, हाकोने क्षणभर बाजूला ठेवून. टोक्यो-क्योतो रिझर्व्ह सीट साधारण १४,००० येन, क्योतो-हिरोशिमा साडेअकरा हजाराच्या आसपास, हिरोशिमा-ओसाका साडेदहा-अकरा, ओसाका-टोक्यो साडेचौदाच्या वर. म्हणजे माणशी ५०-५१ हजार. तुम्ही म्हणाल मग पास आणि तिकीट सारखंच झालं की. पण पासवर नोझोमी, म्हणजे सगळ्यात कमी थांबे घेणारी गाडी, फुकट नाही, टोक्यो-क्योतोला वर जवळपास ५,००० येन द्यावे लागतात. नाहीतर जरा जास्त थांबे घेणाऱ्या हिकारीने जायचं, ती फार काही वाईट नाही, नोझोमीला सव्वादोन तास लागतात आणि हिकारीला पावणेतीनच्या आत-बाहेर. पण नोझोमी दर काही मिनिटांनी आहे, हिकारीसाठी घड्याळ बघत बसा.

खरी गोम शेवटच्या ओसाका-टोक्योमध्ये आहे. फक्त विमान पकडायला ५०० किमी मागे यायचं, त्याचे पाच जणांचे पैसे, वर एक हॉटेल, वर अख्खी संध्याकाळ. तिकीट काढलेलं नाही म्हणताय ना? मग टोक्योला उतरा आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून निघा. सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग करून येणाऱ्या कंपन्या दोन्हीकडे जातात आणि असं तिकीट बहुतेक वेळा साध्या रिटर्नच्या जवळपासच पडतं. एवढं केलंत तरी अर्धा धागा इथेच मिटला.

मुलगी ९ वर्षांची म्हणजे अर्धं तिकीट (६ ते ११ वयाला अर्धं). पासही मुलांना अर्ध्या किमतीत असतो.

सह्याद्री_वेडा
वरच्या प्रतिसादाला +१. ओपन जॉ म्हणतात त्याला, तिकिटाच्या साइटवर मल्टी-सिटी असा पर्याय दिसेल.

पर्यटक_नं_१
तुम्ही रात्रीच्या बसचा विचार केलाय का? टोक्योत शिंजुकूला रेल्वे स्टेशनच्या डोक्यावरच मोठा बसअड्डा आहे, तिथून क्योतो-ओसाकाच्या बस रात्री सुटतात आणि सकाळी पोचतात. आठेक तास. शिंकानसेनच्या (म्हणजे बुलेट ट्रेनच्या) अर्ध्या पैशात काम आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं. आम्ही मित्र मित्र तसेच गेलो होतो, पडदे ओढून मस्त झोपलो. तीन रांगांच्या बस घ्या, चार रांगांच्या नको.

मंजुषा_काकू
अहो नं. १, गुडघे दुखणारे बाबा आणि ९ वर्षांची पोर घेऊन रातराणीने? सकाळी सहाला क्योतोत उतरणार, हॉटेल दुपारी तीनला खोली देणार. मधले नऊ तास आईबाबांना कुठे बसवायचं ते पण सांगा.

पर्यटक_नं_१
कमोगावा नदीच्या काठावर :) पण मान्य आहे काकू. पैशाचा प्रश्न असेल तर म्हणून सांगितलं.

ट्रेनवेडा_मिलिंद
विमानाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. टोक्यो-ओसाका विमान तासाभराचं आहे आणि कधीकधी तिकीट स्वस्तही असतं. पण हानेदा विमानतळाला जा, बॅगा द्या, ओसाकाच्या इतामीला उतरा, बॅगांची वाट बघा, मग बस पकडून क्योतोला या. शिंकानसेन शहराच्या पोटातून निघते आणि शहराच्या पोटात नेऊन सोडते. गाडी सुटायच्या पंधरा मिनिटं आधी फलाटावर पोचलात तरी पुरे, सिक्युरिटी चेक नाही, वजन कोणी करत नाही. टोक्यो-हिरोशिमा सरळ जाणार असाल तर (चार तास) विमानाचा विचार करता येईल, पण हिरोशिमाचा विमानतळ शहरापासून बसने पाऊण तासावर आहे. तुमच्या प्लॅनमध्ये विमान बसत नाही.

आणि १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेल्या लाइनवर बसायचं सोडून विमानाने कोण जातं!

देशस्थ_कोथरूड
मुंबई-अहमदाबाद पण ५०८ किमीच आहे बरं का. टोक्यो-ओसाका ५१५. म्हणजे आपली झाली की तुम्हाला घरबसल्या अनुभव.

कोकणचा_राजू
झाली की कळवा.

सूत्रधार
बुलेट ट्रेनच्या राजकारणाला वेगळे धागे आहेत. इथे जपानच्या सहलीबद्दलच बोलूया.

पर्ण
सामानाबद्दल कोणीच सांगत नाहीये आणि धागाकर्तीचा मुख्य प्रश्न तोच आहे. शिंकानसेनमध्ये लांबी+रुंदी+उंची मिळून १६० सेमीपेक्षा मोठी बॅग असेल तर त्यासाठी जागा असलेली ठराविक सीटच बुक करावी लागते. डब्याच्या शेवटच्या रांगेच्या मागे जागा असते. वेगळे पैसे नाहीत, पण बुक न करता आणलीत तर १,००० येन भरा. चार मोठ्या बॅगा म्हणजे तुम्हाला हे करावंच लागणार.

ट्रेनवेडा_मिलिंद
पर्ण, नियम बरोबर पण घाबरवू नका. विमानात चेक-इनच्या बॅगेची नेहमीची मर्यादा १५८ सेमी असते. म्हणजे आपण जी मोठी बॅग म्हणतो ती बहुतेक वेळा १६० च्या आतच बसते. टेप घेऊन चाकं आणि हँडलसकट मोजा. आत बसली तर नियम लागूच नाही, वरच्या रॅकवर ठेवा. रॅक चांगला खोल असतो. प्रश्न एवढाच की २३ किलोची बॅग डोक्याच्या वर कोण उचलणार.

मंजुषा_काकू
जावईबापू :)

निशिकासाईकर
कोणीच उचलायची नाही. जपानमध्ये बॅगा माणसांबरोबर फिरत नाहीत, त्या आपल्या आपल्या जातात. ताक्क्यूबिन. टोक्योच्या हॉटेलच्या काउंटरवर आदल्या दिवशी बॅग द्यायची, फॉर्मवर पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, बुकिंग कोणाच्या नावावर आहे आणि कुठल्या तारखेला तुम्ही तिथे पोचणार ते लिहायचं. बऱ्याच ठिकाणी काउंटरवरची मुलगीच फॉर्म भरून देते, तुम्ही फक्त मोबाइलवर बुकिंग दाखवायचं. टोक्योहून क्योतोला दुसऱ्या दिवशी पोचते. तुम्ही खोलीत शिराल तेव्हा बॅग आधीच आत उभी असते किंवा काउंटरमागे तरी असतेच. मोठ्या बॅगेला २,००० ते ३,००० येन. काळ्या मांजरीचं चित्र असलेल्या गाड्या रस्तोरस्ती दिसतील, त्याच.

तुमचं तर मधे हाकोने आहे, म्हणजे हे करायलाच हवं. तारीख दोन दिवसांनंतरची टाका. बॅगा टोक्योहून थेट क्योतोला आणि तुम्ही पाठीवर एका रात्रीचे कपडे घेऊन हाकोनेला. पासपोर्ट, औषधं, रोकड, चार्जर स्वतःजवळ. बाबांच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्या तर मग एक दिवस बसा शोधत.

घारूअण्णा
चार बॅगा गुणिले अडीच हजार म्हणजे दहा हजार येन. आणि हे एकदा. क्योतोहून हिरोशिमा, हिरोशिमाहून ओसाका, परत परत पाठवलंत की पाच-साडेपाच हजार रुपये दर फेरीला फक्त बॅगा फिरवायला! त्यापेक्षा मुळात चार मोठ्या बॅगा कशाला? पाच माणसं, पाच छोट्या बॅगा, चार-चार जोड कपडे. तिथल्या साध्या बिझनेस हॉटेलात पण नाणी टाकून चालणारं वॉशिंग मशीन आणि ड्रायर असतो, एका मजल्यावर कोपऱ्यात. रात्री मशीन लावा, चहा प्या, कपडे घेऊन वर या. आम्ही दोन लहान बॅगांत आख्खी ट्रिप काढली आणि स्टेशनवर पळापळ झाली तेव्हा सगळ्यांच्या पुढे होतो.

सायली_ठाणे
घारूअण्णा, तुमचं पटतं पण आईला कोण सांगणार. एका बॅगेत नुसतं खाणं आहे. मेतकूट, भाजणी, थेपले, लाडू, शिवाय इलेक्ट्रिक किटली आणि छोटा राइस कुकर.

तारेवरची_कसरत
किटली आणि कुकर घरीच ठेवा. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची. आपली किटली २३० ची. अर्ध्याहून कमी व्होल्टेज म्हणजे निम्मी ताकद असं वाटतं पण ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा उरते. दीड हजार वॉटची किटली तीनशेची होणार, पाणी उकळायला लागेल तोवर क्योतो बघून होईल. कुकरचा भात तर विसराच. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, त्यावर १००-२४० लिहिलेलं असतं, फक्त दोन चपट्या पिनांचा अडाप्टर लागेल.

अनघा_नाशिक
ही माहिती सोन्याची आहे. आमची किटली आत्ताच बॅगेतून बाहेर काढली.

स्वयंपाकघरातून
सायली, प्रवासाच्या दिवशी आईच्या जेवणाचं आधीच ठरवून ठेव. स्टेशनवरचे एकीबेन, म्हणजे गाडीत खायचे डबे, दिसायला इतके देखणे असतात की काय सांगू, पण जवळजवळ सगळ्यात मासे, मांस किंवा माशाचा अर्क. भाजीच्या तुकड्यालासुद्धा दाशी, म्हणजे तोच अर्क, असतो. टोक्यो स्टेशनच्या आतच केइयो स्ट्रीटवर टीज तानतान म्हणून पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, तिकिटाच्या गेटच्या आत, त्यामुळे गाडीआधी तिथे जेवून घ्यायचं. नाहीतर थेपले जिंदाबाद. शिंकानसेनमध्ये खायला कोणी काही म्हणत नाही, उलट सगळे खातातच. पण गाडीत काहीतरी विकत घेऊ म्हणून थांबू नका, साध्या डब्यांतून फिरणारी खाण्याची ट्रॉली ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली. पाणी, कॉफी फलाटावरून घेऊनच चढा.

आणि लसणाची चटणी गाडीत उघडू नका हो प्लीज. बंद डबा आहे.

देशस्थ_कोथरूड
लसणाची नको, शेंगदाण्याची चालेल का? :)

पर्ण
अवांतर होतंय. टेप लावून बॅग मोजली, माझी १५६ निघाली. मिलिंद, मान्य.

गिरगावचा_बंड्या
मूळ प्रश्नावर माझं मत जरा वेगळं आहे. तिकीट पास वगैरे नंतर, आधी शहरं बदलणंच कमी करा. शहर बदलायचं म्हणजे तिकिटाचे सव्वादोन तास नव्हेत. सकाळी उठून बॅगा भरा, खोलीत कोणाचं काय राहिलं ते बघा, दहा-अकराला खोली सोडा, टॅक्सीत दोनच मोठ्या बॅगा मावतात म्हणून दोन टॅक्स्या, स्टेशनात लिफ्ट शोधा (ती कायम फलाटाच्या दुसऱ्या टोकाला), प्रवास, परत टॅक्सी, तीनपर्यंत खोली नाही. आईबाबा बरोबर असतील तर त्यानंतर त्या दिवशी काही बघणं होत नाही, ते बिचारे बोलत नाहीत पण चेहऱ्यावर दिसतं. प्रत्येक हॉटेल बदलाला अर्धा दिवस लिहून ठेवा.

ओसाका-क्योतो मध्ये अंतर किती? साध्या लोकल तिकिटावर जलद गाडीने अर्धा तास, ५८० येन. ओसाकाहून हिरोशिमा दीड तासाच्या आत. नारा तर शेजारी. मग टोक्यो एक मुक्काम आणि ओसाका एक मुक्काम. बाकी सगळं रोज जाऊन यायचं. हाकोने हवंच असेल तर मधे एक रात्र. सहाच्या जागी तीन हॉटेलं.

मंजुषा_काकू
बंड्या, क्योतोत राहायचंच नाही? अरे सकाळी सहाला फुशिमी इनारीच्या त्या लाल कमानींतून चालण्यात जी मजा आहे ती ओसाकाहून धावत येऊन नऊला पोचल्यावर नाही, तोवर मुंगी शिरायला जागा नसते. देऊळ चोवीस तास उघडं असतं, क्योतो स्टेशनवरून दोन स्टेशनांवर. आणि नोव्हेंबरच्या मध्याला क्योतो म्हणजे मेपलची पानं लाल व्हायला लागतात, संध्याकाळी काही देवळांत दिवे लावतात. ते बघून रात्री परत गाडीत बसून ओसाका? मी तरी नाही जाणार.

गिरगावचा_बंड्या
काकू, त्याच मोसमात क्योतोच्या हॉटेलांचे भाव पण लाल होतात. पाच माणसांच्या दोन खोल्यांचा ओसाकाशी फरक काढून बघा.

मंजुषा_काकू
काढला होता. दिला आणि राहिले. पुन्हा देईन.

निशिकासाईकर
दोघांचंही खरं आहे. क्योतोत राहणार असाल तर एक करा, हॉटेल क्योतो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. देवळांजवळच्या गल्लीतलं सुंदर लाकडी घर फोटोत छान दिसतं, पण तिथे बॅगा घेऊन सिटी बसने जायचं म्हणजे परीक्षा. बस गच्च भरलेल्या असतात, बॅग ठेवायला जागा नाही आणि स्थानिक लोक तोंडाने काही बोलणार नाहीत पण त्यांना त्रास होतो. सगळ्या बसचा दिवसभराचा पासही आता बंद केलाय, मेट्रो आणि बस मिळूनचा आहे.

क्षितिज_पुणे
आणखी एक पर्याय कोणी सांगितला नाही. कान्साई-हिरोशिमा एरिया पास. सलग पाच दिवस, १७,००० येन (जाण्याआधी किंमत बघून घ्या). त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा शिंकानसेन, क्योतो-ओसाका-नारा-कोबेच्या जेआरच्या लोकल गाड्या, मियाजिमा बेटाची जेआरची बोट आणि कान्साई विमानतळाला जाणारी हारुका, सगळं येतं. नुसतं हिरोशिमा जाऊन-येऊन सुट्या तिकिटाने २१-२२ हजार होतं. म्हणजे टोक्यो-क्योतो सुटं तिकीट १४,००० आणि पुढे हा पास. एकूण ३१,०००. नवऱ्याच्या ५०,००० च्या पासवर माणशी १९,००० वाचले.

एक मेख आहे. क्योतो ते शिन-ओसाका हा शिंकानसेनचा तुकडा या पासात नाही, तो दुसऱ्या जेआर कंपनीचा. क्योतोहून निघणार असाल तर लोकलने शिन-ओसाकाला यायचं आणि तिथून शिंकानसेन. आणि शिन-ओसाका आणि ओसाका ही वेगवेगळी स्टेशनं आहेत हे पक्कं डोक्यात ठेवा, शिंकानसेन फक्त शिन-ओसाकाला थांबते.

जाता जाता, पुणेकर असाल तर वाटेत ओकायामाला दोनतीन तास उतरा. तिथली कोराकुएन बाग. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच बागेवरून केलंय, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली. मला तर आत शिरल्यावर अरे हे आपल्याच इथलं असं वाटलं, फक्त ओकायामाला पलीकडे काळा किल्ला दिसतो आणि पुण्यात सिंहगड रोडचं ट्रॅफिक.

देशस्थ_कोथरूड
मग पुण्यात तिकीट काढून जपान बघितल्यासारखंच झालं. वाचले की पैसे.

कोकणचा_राजू
पुणेकरांचा हिशोब हा असा.

सह्याद्री_वेडा
बागांचं निघालंच आहे तर, ज्यांना वेळ आहे त्यांनी टोक्योहून क्योतोला कानाझावामार्गे जायचा विचार करा. मार्च २०२४ पासून होकुरिकू शिंकानसेन त्सुरुगापर्यंत आली, तिथे गाडी बदलून थंडरबर्ड नावाच्या गाडीने क्योतो. जास्त वेळ लागतो पण वाटेत कानाझावाची केनरोकुएन बाग, जुनी सामुराई वस्ती. पण आईबाबांबरोबर पहिल्यांदा जाताना नको, सायलीताई. तुमच्यासाठी नाही लिहीत हे, अनघाताईंसाठी लिहितोय.

अनघा_नाशिक
लिहून घेतलं.

निशिकासाईकर
हाकोनेबद्दल राहिलंच. हाकोनेहून क्योतोला जायला ओदावारा स्टेशनवर शिंकानसेन पकडावी लागते आणि नोझोमी तिथे थांबत नाही. हिकारीसुद्धा मोजक्याच थांबतात, दोनेक तासांनी एक. ती वेळ आधी बघून मग हाकोनेतली सकाळ आखा. चुकली तर सगळीकडे थांबणाऱ्या कोदामाने नागोयापर्यंत रखडत जाऊन बदलायचं, जिवावर येत नाही पण कंटाळा येतो. टोक्योहून हाकोनेला मात्र शिंजुकूवरून रोमान्सकार ही गाडी घ्या, बसल्या जागी हाकोने-युमोतोला पोचता. आणि युमोतो स्टेशनवर छोट्या बॅगा हॉटेलवर पोचवायची सोय आहे, बाबांना रिकाम्या हाताने फिरता येईल.

ट्रेनवेडा_मिलिंद
सीटबद्दल महत्त्वाचं. साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि एका बाजूला दोन. म्हणजे तुम्ही पाच जण म्हणजे बरोब्बर एक आख्खी रांग! ए बी सी डी ई, पाचही घेऊन टाका. टोक्योहून जाताना फुजी उजवीकडे दिसतो, डी-ई च्या बाजूला. टोक्यो सोडल्यावर पाऊण तासाच्या आसपास, शिन-फुजी स्टेशनच्या आजूबाजूला. ई वर मुलगी आणि डी वर आजोबा. ढग नसतील तर पांढरं टोक आणि पुढे कारखान्याच्या चिमण्या असं दिसतं, पोस्टरवरचं नाही, पण खरं. मोठ्या बॅगा बरोबर ठेवणारच असाल तर हीच रांग शेवटची घ्या, मागच्या जागेत मावतात.

कागदी तिकीट काढलंत तर माणशी दोन कागद हातात येतात, एक भाड्याचं आणि एक शिंकानसेनचं. गेटच्या फटीत दोन्ही एकावर एक ठेवून एकदम घालायचे, ते गिळतं आणि पुढच्या बाजूला दोन्ही वर काढून देतं. ते उचलूनच पुढे जायचं! आपल्याकडची मंडळी गेट उघडलं की आनंदाने चालायला लागतात आणि तिकिटं तिथेच जीभ काढल्यासारखी उभी. उतरल्यावर लागतात ती. पाच जणांची एकाच्या खिशात ठेवायची नाहीत, ज्याची त्याच्या हातात.

आणि क्योतोला गाडी मिनिट-दीड मिनिट थांबते. ती शेवटची जागा नाही, पुढे जाणारी गाडी आहे. नागोया सोडलं की पाऊण तासाच्या आत क्योतो. घोषणा झाली की उठा.

घारूअण्णा
बघा, इथे लहान बॅगा कामाला येतात.

मंजुषा_काकू
अण्णा :)

वादळवारा
नोव्हेंबर आहे म्हणून ठीक, पण ऑगस्ट-सप्टेंबरवाल्यांनी वादळाचा दिवस हातात ठेवा. १६ ऑगस्ट २०२४ ला टोक्यो-नागोया शिंकानसेन पूर्ण दिवस बंद ठेवली होती, आधीच जाहीर करून. अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण हॉटेलचे मिळतीलच असं नाही. ज्या दिवशी विमान आहे त्याच दिवशी शहर बदलू नका, एवढं पथ्य कुठल्याही महिन्यात पाळा.

सायली_ठाणे
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवरा, मी आणि बाबा वही घेऊन बसलो. विमान टोक्योला उतरून कान्साईहून परत असं बघितलं, फरक अगदीच थोडा आहे, ते ठरलं. पास रद्द (नवऱ्याने तोंड वाकडं केलं पण १९,००० गुणिले चार ऐकल्यावर सरळ झालं). आता टोक्यो ४, हाकोने १, क्योतो ३ (काकू जिंकल्या, बाबांनीच मत दिलं), ओसाका ३. हिरोशिमा ओसाकाहून एक दिवस. बॅगा टोक्योहून थेट क्योतोला. क्योतो-ओसाका लोकलनेच.

दोन शंका राहिल्या. हिरोशिमा आणि मियाजिमा एका दिवसात आईबाबांना झेपेल का? आणि तिकिटं इथूनच ऑनलाइन काढू का तिथे जाऊन?

क्षितिज_पुणे
तिकिटं स्मार्ट-ईएक्स ॲपवरून काढता येतात, लवकर काढलीत तर काही गाड्यांना सूटही असते, आणि आख्खी रांग हवी असेल तर लवकरच काढा. एखादं भारतीय कार्ड अडतं, दुसरं चालतं, दोन-तीन हाताशी ठेवा. नाहीच जमलं तर टोक्योला पोचल्यावर पहिल्या दिवशी मशीनवर काढा, इंग्रजी पर्याय आहे. फक्त ३ आणि २३ नोव्हेंबरला त्यांच्या सुट्ट्या असतात, त्याला लागून शनिवार-रविवार आला तर क्योतोच्या गाड्या भरतात.

गिरगावचा_बंड्या
हिरोशिमा-मियाजिमा एका दिवसात होतं पण सकाळी सातला निघावं लागतं आणि रात्री आठ-नऊला परत. शांती उद्यान आणि संग्रहालय बघितल्यावर मनही जड होतं, त्यानंतर परत ट्रेन, बोट. आईबाबांना दोनातलं एक निवडू द्या. किंवा त्या दिवशी त्यांना ओसाकाला आराम, तुम्ही तिघं जा.

मंजुषा_काकू
बंड्या, आईबाबांना मियाजिमा दाखवा आणि संग्रहालय तुम्ही दोघांनी आळीपाळीने बघा असं म्हणेन मी. बोट दहा मिनिटांची आहे, आणि पाण्यातली कमान भरतीच्या वेळी बघायची, त्याचं वेळापत्रक मिळतं. हरणं जवळ येतात, आईच्या पिशवीतल्या थेपल्यांवर लक्ष ठेवा, कागदसुद्धा खातात ती.

सायली_ठाणे
काकू, मियाजिमा फायनल. भरतीचं वेळापत्रक शोधते. आणि आई विचारतेय की बॅगा पाठवताना लाडूचा डबा त्यात राहिला तर चालेल का, फुटणार नाही ना?

निशिकासाईकर
डबा चालेल. लाडू फुटले तर बॅगवाल्यांना बोल लावू नका, घट्ट वळायला सांगा :)